भिंतीकडे तोंड

"परत घ्यावं लागेल," काचेपलीकडून कानसेन म्हणाला. "शेवटच्या वाक्याला माईक सोडून कुठे गेलात?"

मी कुठेही गेले नव्हते. खुर्चीतच होते. पुस्तक समोरच्या तिरप्या फळीवर होतं, माझं बोट ओळीखाली होतं, पाण्याचा पेला हाताशी होता. फक्त मान वळली होती. उजवीकडे, जिथे बघण्यासारखं काहीही नाही; आवाज गिळणारी राखाडी गादी ठोकलेली भिंत आहे नुसती. त्या भिंतीपासून माझं नाक वीतभर अंतरावर होतं आणि मी वाट बघत होते. कशाची ते ठाऊक नव्हतं, पण वाट बघत होते हे नक्की. बसची बघतो तशी नव्हे. धाकाची, आणि तरी ओळखीची.

कानसेन हे अर्थात त्याचं खरं नाव नाही. तानसेन होता आलं नाही की माणसं कानसेन होतात, हा तर पगारी कानसेन. आमचा धंदा असा, की मी पुस्तकं मोठ्याने वाचायची, त्याने ती ध्वनिमुद्रित करायची, आणि ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांना डोळे असून सवड नाही त्यांनी ती ऐकायची. माझ्या तोंडातून शब्दांखेरीज जे जे निघतं, घोट, चिकचिक, श्वास, पोटातली गुरगुर, ते वेचून टाकून देणं हे त्याचं काम. धान्यातले खडे निवडावेत तसा तो मला निवडतो. मी जेवून आले की नाही, रडून आले की नाही, हे घरच्यांच्या आधी त्याला कळतं. घरचे म्हणजे तरी कोण? बाबा.

"आणि मध्येच तो आवाज कसला काढलात?" त्याने विचारलं.

"कसला आवाज?"

त्याने मला माझंच वाचन ऐकवलं. पुस्तक छावण्यांमधून सुटून आलेल्यांच्या हकिगतींचं होतं. जुनं सरकार गेल्यापासून अशी पुस्तकं निघू लागली आहेत. आधी एकदोन निघाली, मग रांगच लागली. सांगणाऱ्यांची नावं नाहीत, फक्त कोण काय करत होता तेवढं वर लिहिलेलं: शिंपी, शिक्षिका, रेल्वेतला माणूस. ही हकिगत घड्याळजीची होती. माझा आवाज शांतपणे सांगत होता, की चौकशीच्या तुरुंगात कैद्याला एका खोलीतून दुसरीकडे नेताना वळण आलं की मागचा पहारेकरी जिभेने टाळूवर आवाज काढी. समोरून दुसरा कुणी आपला कैदी घेऊन येत असेल तर त्याने तो ऐकावा आणि आपल्या कैद्याला तिथल्या तिथे भिंतीकडे तोंड करून उभं करावं. कैद्याने कैद्याचं तोंड पाहता कामा नये. आणि "आवाज काढी" या शब्दांनंतर, पूर्णविरामाच्या जागी, स्वच्छ, कोरडा, एकच 'टॉक्'. त्यानंतरचं वाक्य मी जणू शेजारच्या खोलीत जाऊन वाचलं होतं.

"झकास निघालाय," कानसेन म्हणाला. "मला नाही जमणार इतका. पण काढून टाकतो, पुस्तकात नाहीये."

मी ते पान पुन्हा वाचलं. या वेळी मान दोन्ही हातांनी धरल्यासारखी सरळ ठेवली. आवाज काढला नाही. पण जीभ टाळूला चिकटून तयार बसलेली मला जाणवत होती, आणि ती कुणी तयार करून ठेवलीय हेही मला पुरतं कळलं होतं.

आमच्या घरात एक बोळकांडी आहे. स्वयंपाकघरापासून निघते, न्हाणीघराशी काटकोनात वळते आणि मागच्या खोलीच्या दाराशी संपते. दिवा लावला तरी वळणापाशी उजेड पोचत नाही. लहानपणी तिथे आमचा एक खेळ होता. बाबा कामावरून आले की केव्हाही, न सांगता, बोळकांडीतून जाता जाता टॉक् करायचे, आणि आम्ही जिथे असू तिथे भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मागे बघायचं नाही, हसायचं नाही. मग बाबा मागून यायचे, कोपराला बोट लावायचे, की सुटलो. सुटल्यावर साखरेचा खडा. मी त्या खेळात पटाईत होते. बाबा म्हणायचे, चिमटी वीज आहे वीज. चिमटी मी, चिमटीत मावेन एवढी जन्मले होते म्हणून. दादा हळू होता. आधी मान वर करायचा, कोण आहे बघायचा, मग सावकाश वळायचा, आणि बाबा त्याला पुन्हा करायला लावायचे. पुन्हा, आणि पुन्हा. साखरेचा खडा मुठीत धरून मी बघत राहायची. दादा रडायला लागला की आई स्वयंपाकघरातून यायची, पण काही बोलायची नाही. पदराला हात पुसत उभी राहायची, आणि बाबा म्हणायचे, अजून एकदा. आई कधीच का बोलली नाही? दुसऱ्या कशावरूनही ती बाबांना सोडत नसे; साधं भांडं हातून पडलं तर घर डोक्यावर घ्यायची. या एका गोष्टीवर तिच्या तोंडाला कुलूप.

आवाज कोण काढी? पहारेकरी काढी. घड्याळजीने लिहिलं होतं, मी माझ्या तोंडाने वाचलं होतं. स्टुडिओतून घरी येताना माझ्या डोक्यात एवढंच होतं. दोन वेळा रस्ता चुकले, आणि रस्ता तर सरळसोट आहे. आईबाबांच्या लग्नाआधीची काही वर्षं आमच्या घरात अशी होती की त्यांच्याबद्दल एकच शब्द वापरला जाई. बाबा तेव्हा बाहेरगावी होते. कुठे? बाहेरगावी. काय करायला? कामाला. इतर मुलांचे वडील कुठकुठे नोकरीला होते, बढत्या मिळवून होते, आमचे बाहेरगावी होते, आणि मला त्या शब्दात कधी काही खुपलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. हजारो पानं मी लोकांना वाचून दाखवली, आणि माझ्या घरातलं कोरं पान मला कोरं दिसलंच नाही.

बाबा नेहमीसारखे पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते. दाराकडे पाठ करून ते कधी बसत नाहीत. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आलीस? दमलीस?" त्यांनी हात पुढे केला. मोठा, मऊ, डाग पडलेला हात. याच हाताने मला चालायला शिकवलं, ताप आला की कपाळावर घड्या ठेवल्या, आई गेली तेव्हा माझी वेणीसुद्धा घातली, वाकडीतिकडी. मी पिशवी ठेवायच्या निमित्ताने आत निघून गेले. हात तसाच पुढे राहिला असणार. मी मागे वळून पाहिलं नाही.

संशयाचं एक बरं असतं, त्याला खायला शोधावं लागत नाही. घरात जे असेल ते खातो. बाबांच्या सपातांना जाड कापडाचे तळवे आहेत, ते मागे कधी येऊन उभे राहतात ते कळत नाही. आणि पुस्तकात पहारेकरी बुटांवर कापडी खोळी चढवत, पावलं वाजू नयेत म्हणून. बाबा किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून धरतात, वाजू देत नाहीत. लहानपणी झोपायच्या वेळी दारात उभे राहून ते म्हणायचे, "हात पांघरुणाच्या बाहेर," आणि आम्ही थंडीतसुद्धा हात बाहेर काढून झोपायचो. तोच नियम, त्याच शब्दांत, शिक्षिकेच्या हकिगतीत होता. आणि बाबा दार उघडत नाहीत. आयुष्यात उघडलं नाही. बंद दारासमोर जाऊन उभे राहतात, कुणीतरी येऊन उघडेपर्यंत. आई चेष्टा करायची, "आले सरदार, उघडा रे दरवाजे." आता मला ती चेष्टा वाटेना. दार उघडायला हाताखाली माणसं असल्याशिवाय अशी सवय लागते कुणाला?

रात्री दादाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात असतो. बाबा अलीकडे विसरायला लागलेत. मला कधी आईच्या नावाने हाक मारतात, कधी संध्याकाळी म्हणतात, चला, आता घरी जाऊ. मध्यंतरी न्हाणीघरात पडलेही. दादाने त्याच्या ओळखीतून एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती. स्वच्छ, डॉक्टर चोवीस तास, बागबिग. मी आजवर नाही म्हणत आले होते. बाबा माझ्याजवळ राहतील, माझ्या हातचं खातील, जातील तेव्हा याच घरातून जातील, हे मी दादाला इतक्या वेळा ठणकावून सांगितलं होतं की वहिनीने मला श्रावणबाळ म्हणायला सुरुवात केली होती. आता जागा रिकामी झाली होती आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"दादा," मी म्हटलं, "बाबा तेव्हा नक्की कुठे होते रे?"

"केव्हा?"

"लग्नाआधी. बाहेरगावी."

"मग बाहेरगावी होते."

"तुला तो खेळ आठवतो? बोळकांडीतला?"

पलीकडे नुसता श्वास. कानसेनने काढून टाकला असता असा.

"मी नाही खेळायचो," दादा म्हणाला.

"खेळायचास. ते तुला परत परत करायला लावायचे."

"हे बघ, पिकलं पान आहे. आता उकरून काय हाती लागणार? झाकली मूठ आहे ती झाकलेलीच राहू दे. तू मला फक्त सांग, हो की नाही?"

मी म्हटलं, शनिवारी सांगते. आणि फोन ठेवताना मला समजलं की आजवर ज्याला मी नाही म्हणत होते त्याला हो म्हणण्याची मी तयारी करतेय. एकच गोष्ट कळायला हवी होती. बाबा आवाज काढणारे होते, की आवाज ऐकून वळणारे? वळणारे असतील तर ते माझे बाबा होते आणि या घरातून हलणार नव्हते. काढणारे असतील तर त्यांना दादाने खुशाल न्यावं, बागेत बसवावं, डॉक्टरांनी चोवीस तास बघावं. मला ते हात धुवायचे नव्हते, ती नखं कापायची नव्हती. हे मी मनात इतक्या स्पष्ट शब्दांत म्हटलं की मला स्वतःची भीती वाटली.

बुधवारी मी त्यांना विचारलं. जेवण वाढलं, समोर बसले, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. बाबा, तुम्ही बाहेरगावी होता तेव्हा काय काम करायचात?

"काम," बाबा म्हणाले.

"कसलं?"

"सांगतील ते."

"कोण सांगतील?"

ते हसले. माझ्या लहानपणी अवघड प्रश्नाला हसायचे तसं. "तू आज जेवलीस ना?"

"बाबा, मी विचारतेय. कोण सांगायचं?"

"वरचे."

"आणि किल्ल्या कुणाकडे असायच्या?"

त्यांनी उचललेला घास ताटात परत ठेवला. मी थोडं थांबले, मग पहिला प्रश्न पुन्हा विचारला, जरा वेगळ्या शब्दांत. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. उत्तरं तीच यायची, त्याच क्रमाने, पाठ केल्यासारखी. बाहेरगावी होतो. काम करत होतो. सांगतील ते. त्यांचा आवाज बारीक होत गेला आणि माझा शांत. माझा आवाज कमावलेला आहे, शांतपणा हे माझ्या पोटापाण्याचं साधन आहे. मी खिडकीचा पडदा सरकवला, त्यांच्या तोंडावर ऊन आलं, त्यांनी डोळे मिचकावले, आणि मी पडदा तसाच ठेवला. त्यांचे डोळे दिसायला हवेत असं मला वाटत होतं. ताटातली वाफ केव्हाच गेली होती.

"जेवू का आता?" बाबांनी विचारलं.

मी पडदा ओढून घेतला. ताट उचलून गरम करायला नेलं आणि ओट्याशी उभी राहून ओक्साबोक्शी रडले, पण नळ सोडून, आवाज जाऊ नये म्हणून. कशासाठी रडतेय ते सांगता आलं नसतं. रेल्वेतल्या माणसाच्या हकिगतीत एक चौकशी अधिकारी होता, सभ्य, हळू बोलणारा, कैद्यापुढे सूप ठेवून ते गार होईपर्यंत तेच तेच विचारणारा. ती हकिगत मी मागच्याच आठवड्यात वाचली होती. अधिकाऱ्याचा आवाज काढताना मी फार विचार केला होता. शेवटी कानसेन म्हणाला, तुमचाच ठेवा, तोच जास्त भीती घालतो.

शुक्रवारी आमचं वाचन शेवटाला आलं. मी दोन दिवस धड झोपले नव्हते आणि ते अर्थातच काचेपलीकडे कळलं होतं. मध्ये थांबलो तेव्हा कानसेन चहा घेऊन आत आला. एरवी येत नाही.

"तुमच्या घरी कोण होतं?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"आत, का बाहेर?"

तो पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "आमच्याकडे दोन्ही. थोरले काका आत, मधले बाहेर पहाऱ्यावर. वेगवेगळ्या ठिकाणी, तेवढं नशीब. नंतर एका पंगतीला बसायचे. मधले काका वाढायचे, थोरले खायचे."

"आणि तुम्ही? तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? मला दोघांच्याही घोरण्याचा आवाज ओळखता यायचा, बस्स." तो उठला. "कळून काय करणार आहात, ते आधी ठरवा. नाहीतर मग कळून घेऊ नका."

नंतर मी जी हकिगत वाचली ती एका सुताराची होती. तुरुंगवासाबद्दल तीत फारसं काही नव्हतंच; सगळं सुटल्यानंतरचं. सुटताना कागदावर सही घेतली होती, की इथलं काही बाहेर बोलणार नाही, बायकोपाशीसुद्धा नाही, बोललो तर परत. घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको उठली तर हा न्हाणीघराच्या बंद दारासमोर उभा. केव्हापासून उभा होता कोण जाणे. दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं, नुसतं ढकलायचं. स्वतः बनवलेलं दार होतं ते. पण दार या बाजूनेही उघडता येतं हे त्याचं शरीर विसरून गेलं होतं.

"थांबा," कानसेन म्हणाला. "आवाज कापतोय."

मी पाणी प्याले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच कापला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "राहू दे, तसाच ठेवतो." आवाज न निवडता ठेवल्याची ही त्याची पहिलीच वेळ असावी. मी घरी आले तेव्हा डोक्यात दोन बाबा होते. एक सरदारासारखे दारापुढे उभे राहून कुणी उघडायची वाट बघणारे. दुसरेही तसेच, त्याच दारापुढे, तीच वाट बघणारे. सपाता त्याच, जुडगा तोच, पांघरुणाबाहेरचे हात तेच; आठवडाभर मी जे जे एका बाजूला रचलं होतं ते ते सगळंच्या सगळं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवता येत होतं. उरत होता फक्त तो आवाज. आवाज काढी तो पहारेकरी. ही एकच गोष्ट उलटी होत नव्हती, आणि हळू वळणाऱ्या दादाला रडेपर्यंत वळवणारा तो माणूसही उलटा होत नव्हता. विचारून उपयोग नव्हता, विचारून झालं होतं. तोंड खोटं बोलेल, विसरेल, सहीला घाबरेल. मान तसं करत नाही. माझी मान कुठे बोलली होती खोटं?

शनिवारी दुपारी बाबा झोपून उठले. मी स्वयंपाकघरात होते. न्हाणीघराचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. ते आत गेल्याचं, पाणी ओतल्याचं, हात झटकल्याचं मी ऐकलं, आणि मग काहीच ऐकू आलं नाही, कारण सपाता वाजत नाहीत. मी बोळकांडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. ते वळणाच्या अलीकडे होते, माझ्याकडे पाठ, एक हात भिंतीला टेकत मागच्या खोलीकडे निघालेले. सदरा पाठीवर चुरगळला होता. केस झोपेने उभे राहिले होते, लहान मुलाचे राहतात तसे. अजूनही मला परत फिरता आलं असतं. चहा टाकू का, असं विचारता आलं असतं. पण जीभ केव्हाच टाळूला जाऊन चिकटली होती. पहारेकरी असतील तर काय करतील? उलट आवाज देतील, वळून माझ्याकडे बघतील, कोण आहे रे तिकडे म्हणतील?

टॉक्.

बाबा वळले. खुर्चीतून उठायला ज्यांना माझा खांदा लागतो ते बाबा एका झटक्यात वळले. कपाळ भिंतीला, टाचा जुळलेल्या, हात पाठीमागे, एका मुठीत दुसरं मनगट. मला आनंद झाला. चक्क आनंद, ढसाढसा रडावं असा. वळणारे! माझे बाबा वळणारे होते! आता ते कुठे जात नाहीत, आता मी त्यांची नखं कापीन, दादाला सांगेन, वहिनीला म्हणेन हो, आहे मी श्रावणबाळ. "बाबा," मी हाक मारली.

ते हलले नाहीत.

"बाबा, मी आहे. चिमटी. वळा ना इकडे."

मानेवरचे पांढरे केस थरथरत होते. कान किंचित मागे ओढल्यासारखे वाटत होते, मार यायच्या आधी जनावराचे होतात तसे. एक ओली रेघ पायजम्यावरून खाली उतरत गेली, आणि तरी टाचा जुळलेल्याच. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपण नुसती परीक्षा घेतली असं मला वाटत होतं, पण भिंतीकडे तोंड करून कुणी उभं असेल तर मागे आवाज काढणारंही कुणीतरी असतंच, आणि या बोळकांडीत दुसरं कोण होतं? मी धावत गेले आणि त्यांच्या कोपराला बोट लावलं, खेळात ते लावायचे तसं. दुसरं काही सुचलं नाही. सुटायचं म्हणजे तेच मला माहीत होतं.

बाबा सुटले नाहीत. चालू लागले. हात मागेच, नजर खाली, भिंतीच्या कडेकडेने. मी थांबले तर ते थांबत, म्हणून मी मागोमाग चालले. वळण आलं तिथे त्यांनी पाऊल आखडलं, आवाजासाठी जागा ठेवली, मग वळले. मागच्या खोलीच्या दाराशी पोचल्यावर चौकटीकडे तोंड करून उभे राहिले. दार वाऱ्याने नुसतं लोटलं गेलं होतं.

"आज लवकर सोडलंत, साहेब," ते म्हणाले.

माझ्याशी आयुष्यात ते असं बोलले नव्हते. तू, चिमटे, गधडे, बाळा, सोडलंत नव्हे. मला दार उघडवेना. उघडलं असतं तर मी साहेबच झाले असते, आणि नुसती मागे उभी राहिले तरी साहेबच. काय करावं ते कळेना, म्हणून असेल, मी त्यांच्या मागून निघून त्यांच्या शेजारी गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. चुन्याचा तोच वास होता. लहानपणी नाकासमोर यायचा तोच बारीक तडा होता, फक्त आता तो माझ्या हनुवटीच्या खाली गेला होता. बाबांच्या श्वासाचा आवाज येत होता. मग तो श्वास जरा अडला. डोकं न हलवता त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून मला पाहिलं.

"नवीन?" त्यांनी विचारलं. ओठ हलले नाहीत.

मी हो म्हटलं.

"हात मागे."

मी हात मागे घेतले.

"आवाज आला की लगेच वळायचं. कोण येतंय ते बघायचं नाही. लगेच वळलं की मारत नाहीत." थोडा वेळ ते कानोसा घेत राहिले. "कुणी बाहेरून शिकून येत नाही ना, मग मार खातात. मी घरी शिकवून ठेवलंय पोरांना. कधी काय वेळ येईल, सांगता येत नाही."

"शिकली का?" मी विचारलं. माझा कमावलेला आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"धाकटी फार चपळ आहे. वीज आहे वीज. तिला काही करणार नाहीत." मला वाटलं संपलं. पण त्यांनी आणखी हळू, भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हटलं, "थोरला हळू आहे. वर बघतो आधी. किती सांगितलं, किती करून घेतलं, तरी वर बघतो. त्याच्या काळजीने झोप लागत नाही मला."

पुढच्या खोलीत फोन वाजायला लागला. दादाचाच असणार, शनिवार होता. त्याला काय सांगायचं ते आता मला ठाऊक होतं; नाही, आणि त्याच्या पुढचंही सगळं. पण त्यासाठी वळून, बाबांना तिथे एकटं ठेवून बोळकांडीतून जावं लागलं असतं.

"हलू नकोस," बाबा म्हणाले.

फोन वाजत राहिला. मी हात मागेच ठेवले.